रिंगणातल्या सँडविनाबाई

पुरुषांच्या बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकाला आपल्याकडे ‘सँडो’ म्हणतात. दुकानात तेवढे म्हटले की दुकानदार माप विचारून डबा पुढे करतो. हे एका माणसाचे नाव आहे याची मात्र पुष्कळांना कल्पना नसते. युजेन सँडो हा १८६७ साली प्रशियात जन्मलेला, शक्तीचे प्रयोग करून दाखवणारा गृहस्थ. पिळदार शरीर ही रंगमंचावर दाखवण्याची आणि लोकांनी पैसे मोजून पाहण्याची वस्तू आहे, हे त्याने युरोप-अमेरिकेला पटवले. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला आणि त्याच्या डंबेल्सचे वेड इथल्या शिकलेल्या तरुणांना लागले. १९२५ मध्ये तो वारला. नाव कपड्याला चिकटून राहिले.

त्याच नावाला स्त्रीलिंगी रूप देऊन एक बाई जगप्रसिद्ध झाल्या. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. वजन उचलणारी बाई म्हटले की अजूनही काही घरांत भुवया वर जातात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॅटी सँडविना हाच उद्योग हजारो लोकांसमोर करीत होत्या, आणि लोक त्यांच्यावर खूष होते. ते का खूष होते आणि कोणत्या अटीवर खूष होते, हे पाहण्याजोगे आहे.

बाईंचे मूळ नाव कॅथरिना ब्रुमबाख. जन्म ६ मे १८८४, व्हिएन्ना. आईबाप, फिलिप आणि योहाना, दोघेही सर्कशीतले आणि दोघेही दणकट. घरात चौदा मुले. आपल्याकडे गवयाच्या घरचे मूल पाळण्यातच तंबोरा ऐकते. त्याला सूर कधी शिकवला हे पुढे कोणालाच आठवत नाही. ब्रुमबाखांच्या घरी लोखंडाचे तसेच असणार. घरचा धंदा होता, आणि मुलगी म्हणून तिला त्यातून वगळावे असे बापाला वाटले नाही. चौदा मुलांच्या फिरत्या संसारात तसे वाटणे परवडणारेही नव्हते. पांढरपेशा घरांना जी चैन जमते ती पोटावर हिंडणाऱ्या माणसाला जमत नाही, आणि कधी कधी त्यातच मुलीचे भले होते.

मुलगी वाढली ती सहा फुटांच्या आसपास उंच आणि वजनाला दोनशे पौंडांच्या घरात. बापाने मग एक खेळ लावला. प्रेक्षकांतील जो कोणी पुरुष कुस्तीत या मुलीला हरवील त्याला शंभर मार्क बक्षीस. शंभर मार्क ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. गावोगावचे जवान बाह्या सरसावून उतरत आणि पाठ झाडीत परत जात. बक्षीस कोणाला मिळाले नाही असे सांगतात. असाच एक तरुण उतरला, त्याचे नाव मॅक्स हायमान. त्यालाही मुलीने उचलून आपटले. गोष्ट पुढे अशी सांगतात की तो पडल्या जागीच प्रेमात पडला. पडल्या जागीच की दोन दिवसांनी, हा तपशील आपण सोडून देऊ. लग्न झाले आणि संसार बावन्न वर्षे टिकला, हे खरे.

हाच मॅक्स पुढे बाईंच्या खेळातले मुख्य वजन झाला. त्याचे वजन १६५ पौंड, म्हणजे सुमारे पंचाहत्तर किलो. बाई त्याला एका हाताने डोक्यावर उचलून धरीत. एवढ्यावर भागत नसे. शिपाई कवायतीत बंदूक जशी खांद्यावरून हातात, हातातून पाठीमागे फिरवतो तशी त्या नवऱ्याची कवायत करीत. प्रेक्षकांना हे फार आवडे. याशिवाय लोखंडी पट्ट्या वाकवणे, खांद्यावर तोफ पेलणे, घोड्यांच्या ओढीला उभे राहून दाद न देणे, हे प्रयोग होतेच. पण मला वाटते, लोक येत ते नवऱ्याची कवायत पाहायला. लोखंड निर्जीव असते. ते कोणीही वाकवले तरी जगाची घडी मोडत नाही. बायकोच्या तळहातावर उभा असलेला नवरा ही गोष्ट निराळी. त्यात हसणेही होते आणि थोडी धास्तीही होती, आणि हसू आले की धास्ती पचते, हे सर्कसवाल्यांना पक्के ठाऊक होते.

आता त्या नावाची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये सँडो आणि कॅटी यांची समोरासमोर गाठ पडली. बाईंनी तीनशे पौंडांचे वजन डोक्यावर नेले. सँडोला ते छातीपर्यंतच नेता आले. त्या विजयानंतर बाईंनी सँडविना हे नाव घेतले. ही कथा शेकडो ठिकाणी छापलेली सापडते. परंतु त्या सामन्याला समकालीन पुरावा नाही, असे या विषयाच्या अभ्यासकांचे मत आहे. जॅन टॉड या अमेरिकन विदुषी स्वतः एके काळी वजन उचलण्यात नाव मिळवलेल्या. त्यांनी सँडविनाबाईंवर विस्ताराने लिहिले आहे, आणि सर्कशीच्या जाहिरातखात्याने बाईंची कीर्ती कशी घडवली तेही दाखवले आहे.

मला स्वतःला या कथेचे नवल वाटत नाही. मी दरबारी गवयाचा मुलगा. अशा गोष्टींवरच वाढलो. आमच्या ग्वाल्हेरीत हस्सूखाँची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? बडे महंमदखाँनी भर दरबारात ती कडकबिजलीची तान पुन्हा घ्यायला लावली, हस्सूखाँनी एका श्वासात घेतली आणि बरगडी तुटली. वडील ही गोष्ट सांगत तेव्हा समोर बसलेले सगळे आपापल्या बरगडीवर हात ठेवीत. तारीखवार कोणी विचारले तर सांगता येणार नाही. पण अशा कथांत एक गोष्ट नेमकी कळते: त्या समाजाला कोण मोठा वाटत होता आणि कोणाशी तोलल्याखेरीज दुसऱ्याचे मोठेपण त्याला मान्य होत नव्हते. सँडविनाबाईंनी एवढे वजन उचलले, हे सांगून लोकांचे समाधान झाले नसते. सर्वांत प्रसिद्ध पुरुषाला हरवले असे सांगणे भाग होते. नावही त्याचेच घ्यावे लागले. आमच्यात शागीर्द उस्तादाचे घराणे नावापुढे लावतो, तो गंडा बांधून घेतल्यावर. इथे गंडा नाही, तालीम नाही. नुसते नाव, आणि तेही उस्तादाला पाडल्याच्या बढाईसकट.

त्या काळचे वैद्यकशास्त्र या विषयावर काय म्हणत होते हे पाहिले म्हणजे बाईंच्या यशाची किंमत कळते. १८७३ साली बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टराने एक पुस्तक लिहिले. शरीरात शक्तीचा साठा मर्यादित असतो, मुलींनी तो मुलांसारख्या अभ्यासात खर्च केला तर मातृत्वाच्या अवयवांना तो कमी पडतो, असा त्याचा सिद्धान्त. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. अभ्यासाबद्दल हे मत, तर लोखंडाबद्दल काय असेल! मुलींनी व्यायाम करू नये असे सगळेच म्हणत नसत. डायो लुइस या अमेरिकन व्यायामशिक्षकाने १८६२ साली स्त्रियांसाठीही पद्धत काढली होती. पण तिच्यात लाकडाची हलकी डंबेल्स, कड्या आणि धान्य भरलेल्या पिशव्या. अंग मोकळे व्हावे, डौल यावा, घाम फार येऊ नये. जड वजन हा पुरुषांचा प्रांत. बाईने ते उचलले तर गर्भाशय सरकेल, मिशा फुटतील, स्वभाव आडदांड होईल, अशी भीती घालण्यात येई. आणि ही भीती घालणाऱ्यांच्या घरची मोलकरीण रोज पाण्याने भरलेल्या बादल्या जिने चढवून नेत असे, तिचे गर्भाशय सरकण्याची चिंता कोणी केल्याचे दिसत नाही.

अशा वातावरणात १९११ साली बार्नम अँड बेली या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सर्कशीने सँडविनाबाईंना मधले रिंगण दिले. त्या सर्कशीत एका वेळी तीन रिंगणांत खेळ चालत. मधले रिंगण म्हणजे मैफलीतील शेवटच्या गवयाचे आसन. पण सर्कसवाल्यांनी जाहिरात कशी केली? सर्वांत बलवान स्त्री, हे होतेच. त्याबरोबर सर्वांत सुंदर, सर्वांत सुडौल. उंची, छाती, कंबर, पोटऱ्या यांची मापे वर्तमानपत्रांत छापून आली. केसांची रचना, अंगावरचा झिरझिरीत पोषाख, चेहऱ्यावरचे हसू, हे सगळे बेताने केलेले. १९०९ च्या सुमारास झालेला थिओडोर हा मुलगा होता. बाई किती प्रेमळ आई आहेत, नवऱ्याची किती काळजी घेतात, हेही छापून येई. थोडक्यात, बाईंनी तोफ खांद्यावर घ्यावी, लोकांची हरकत नाही. पण ती घेताना त्या सुंदर दिसल्या पाहिजेत आणि घरी जाऊन त्यांनी स्वयंपाक केला पाहिजे. पुरुष मल्लाला ही परीक्षा कोणी घातलेली मी ऐकली नाही. सँडोच्या हातची भाजी कशी होते हे कोणत्याही वार्ताहराने विचारले नव्हते.

बाईंचा याला विरोध असल्याचे दिसत नाही. त्या देखण्या होत्या, त्यांना ते ठाऊक होते आणि त्या धंदेवाईक कलावंत होत्या. प्रेक्षक जे मागतो ते त्याला द्यावे आणि त्याच्या आत आपले द्यावे, ही रीत सर्व दरबारांत चालत आली आहे. राजाची मर्जी राखण्यासाठी ठुमरी गाणारा गवई मध्येच एक बिकट जागा घेऊन जातो. ज्याला कळायची त्याला कळते.

सर्कस आणि गाणे यांचा संबंध मी ओढूनताणून लावतो आहे असे वाचकांनी समजू नये. हिंदी सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे मराठी गृहस्थ. अश्वविद्या आणि गाणे या दोन्हींसाठी ते आमच्या ग्वाल्हेरीस आले. हद्दूखाँकडे गाणे शिकले. आणि १८८० साली त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. त्यांच्या पत्नीनेही या खेळांत काम केले. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणत, ते विष्णुपंतांनी आपल्याजवळ आणून सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगावी नेले. एकाच तंबूच्या आश्रयाला घोडे, झुले आणि ग्वाल्हेरची गायकी. रहिमतखाँ १९२२ साली कुरुंदवाडास वारले.

तंबूतल्या बाईकडे पाहण्याची आपली नजरही सांगितली पाहिजे. झुल्यावरच्या बाईला टाळ्या पडत. पण ती आपल्या घरातली असावी असे टाळी वाजवणाऱ्यास वाटत नसे. गाणाऱ्या बाईचेही तेच. आमच्या शहरातल्या जुन्या मराठी घरांनी दरबारात बायकांचे गाणे ऐकले, त्यावर जीव ओवाळला, आणि घरी मुलीने मोठ्याने सूर लावला तर खिडकी लावून घेतली. हे फार जुने नाही. माझ्या आजीच्या आठवणीतले आहे. आज त्याच घरांतल्या मुली शाळेतून परतताना तंबोऱ्याच्या गवसणीसकट माझ्याकडे येतात आणि कोणाला त्यात काही वावगे दिसत नाही. गाण्याची अडचण सुटली. बळाची अजून पुरती सुटलेली नाही.

हे म्हणायला कारण आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी व्यायामशाळेत जाऊन वजने उचलायला सुरुवात केली. तिची आई मुद्दाम भेटायला आली. घराण्याची, शिकलेली बाई. खुर्चीच्या कडेला बसून पदर सावरीत विचारू लागली की बुवा, तुम्हीच तिला समजवा, खांदे रुंद होतील, आवाज जाड होईल, पुढे स्थळे यायची आहेत. क्लार्क डॉक्टराचे पुस्तक त्या बाईने वाचलेले असण्याचा संभव नाही. पण दीडशे वर्षांत ते मत समुद्र ओलांडून आमच्या गल्लीत येऊन राहिले आहे, किंवा कदाचित इथे आधीपासूनच होते.

मला जे माहीत आहे ते मी सांगितले. पुरुषाचे स्नायू ज्या द्रव्यामुळे फुगतात ते बाईच्या रक्तात फार थोडे असते, त्यामुळे चार वजने उचलून कोणी पैलवान होत नाही. तसे व्हायला वर्षानुवर्षे ठरवून मेहनत करावी लागते. वय झाल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होतात, त्याला वजनाचा व्यायाम हा चांगला उपाय मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ स्त्री-पुरुष सर्वांनाच आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सांगितला आहे. आवाजाबद्दल मात्र मी माझ्या अधिकारात बोललो. श्वास कोंडून, गळा आवळून वजन उचलले तर स्वरतंतूंवर ताण येतो. गाणाऱ्याने उचलताना श्वास सोडावा, कण्हू नये. एवढे पाळले तर गळ्याचे काही बिघडत नाही, उलट पाठ ताठ राहते आणि दोन तास बैठकीत बसता येते. खर्ज भरतानाही आपण पहिल्याच दिवशी तळ गाठत नाही, रोज केसभर खाली उतरतो. वजनाचे तसेच. आई ऐकून गेली. पटले की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. मुलगी दोन्हीकडे येते-जाते आहे.

सँडविनाबाईंकडे परत येतो. १९१२ साली त्यांनी जे केले त्याची जाहिरातीतल्या मापांएवढी चर्चा होत नाही. अमेरिकेत तेव्हा स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ जोरात होती. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्कशीचा मुक्काम असताना बार्नम अँड बेलीतल्या बायकांनी मताधिकारासाठी मंडळ काढले. घोड्यावरच्या कसरती करणाऱ्या जोसी डिमॉट रॉबिन्सन त्यात पुढे होत्या, आणि सँडविनाबाई उपाध्यक्ष झाल्या. सर्कशीतल्या एका जिराफाच्या पिलाचे नावही मताधिकारावरून ठेवण्यात आले. यात सर्कशीच्या जाहिरातखात्याचा हात होता, हे उघड आहे. प्रतिष्ठित घरांतल्या चळवळ्या बायकांना तंबूतल्या या बहिणी सोबत घ्याव्या की नाही असा पेच पडला असला तर नवल नाही. पण विचार करून पाहावे. मताधिकाराच्या विरोधकांचा एक ठरलेला मुद्दा असे की बाई दुर्बळ, तिचे रक्षण पुरुष करतो, म्हणून राज्यकारभार पुरुषाचा. त्या मुद्द्याला सँडविनाबाईंनी भाषण करण्याची गरजच नव्हती. नुसते उभे राहून नवऱ्याला उचलले की उत्तर झाले. न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत मिळाले १९१७ साली, साऱ्या अमेरिकेत १९२० साली.

पुढची वर्षे फिरतीची. १९१८ च्या सुमारास दुसरा मुलगा, आल्फ्रेड. तो नटाच्या धंद्यात गेला. थोरला थिओडोर हेवीवेट मुष्टियोद्धा झाला. १९२० आणि ३० च्या दशकांत त्याचे नाव होते. आईचे बळ मुलात उतरले असे लोक म्हणत. एरवी बापाचे उतरते असे म्हणण्याची पद्धत आहे; इथे मॅक्सकडे पाहून ते म्हणता येत नसावे. साठीला टेकेपर्यंत, १९४० च्या आसपासपर्यंत, बाई खेळ करीत राहिल्या. मग न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात नवराबायकोंनी खाण्यापिण्याचे दुकान काढले. गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर तिथेही बाई लोखंड वाकवून दाखवीत, आणि एखादा गिऱ्हाईक पिऊन धिंगाणा घालू लागला तर त्याला बाहेर काढायला वेगळा माणूस ठेवावा लागत नसे. २१ जानेवारी १९५२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९४७ साली, लॉस अँजेलिसमध्ये तिथल्या खेळाडू संघटनेच्या मान्यतेने बायकांची पहिली वजन उचलण्याची स्पर्धा झाली. ती भरवली अ‍ॅबी स्टॉक्टन या बाईंनी. त्या सर्कशीतल्या नव्हत्या, समुद्रकिनाऱ्यावर व्यायाम करणाऱ्यांतल्या होत्या, आणि १९४४ पासून एका व्यायामविषयक मासिकात बायकांसाठी सदर लिहीत होत्या. रिंगणातून ही विद्या मैदानात आली ती अशी. पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धा व्हायला १९८७ साल उजाडले, आणि ऑलिंपिकची दारे बायकांच्या वजन उचलण्याला उघडली ती २००० साली, सिडनीत. पुरुषांना ती १८९६ पासून उघडी होती.

सँडविनाबाईंच्या नावावर सर्वांत मोठी उचल सांगतात ती २९६ पौंडांची, म्हणजे सुमारे १३४ किलोंची. सर्कशीतले वजन आणि स्पर्धेतले वजन यांचे नियम सारखे नसतात, तेव्हा तुलना जपूनच केली पाहिजे. तरी बायकांचा विक्रम म्हणून हा आकडा १९८० च्या दशकापर्यंत सांगितला जात होता. कॅरिन मार्शल या अमेरिकन बाईंनी तो मागे टाकला. सिडनीत आपल्या कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिने एका झटक्यात डोक्यावर नेले ११० किलो, आणि दुसऱ्या प्रकारात, आधी खांद्यावर घेऊन मग वर, १३० किलो. म्हणजे सँडविनाबाईंहून अंगाने कितीतरी लहान असलेली आंध्रची ही मुलगी त्यांच्या आकड्यापासून चार किलोंवर येऊन थांबली. त्याच स्पर्धेत सर्वांत वरच्या गटात, जिथे आपल्या बाई असत्या तर उभ्या राहिल्या असत्या, चीनच्या डिंग मेयुआनने एका झटक्यात १३५ किलो उचलले आणि दुसऱ्या प्रकारात १६५. तिच्या गणवेशावर झिरझिरीत काही नव्हते, आणि तिला स्वयंपाक येतो का, हे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.